एका भांडणाचे दोन जिल्हे

४ फेब्रुवारी

धाकटे,

फोन तू उचलत नाहीस. एकदा तुझ्या नवऱ्याने उचलला आणि "ती झोपलीय" म्हणाला. सकाळचे अकरा वाजले होते. तुला मी जन्मापासून ओळखते. अंगात ताप असला तरी तू सहाला उठून घर डोक्यावर घ्यायचीस. तेव्हा आता पत्र. निदान पोस्टमनला तरी "ती झोपलीय" सांगून परतवून लावणार नाहीत.

पत्रात आधी खुशाली लिहायची असते. आबा बरे आहेत. मी बरी आहे. भिंगरी मुलींच्या निरीक्षणगृहात आहे.

तुला घरात काय सांगितलं गेलं ते मला माहीत नाही, म्हणून घडलं ते एकदा सरळ लिहून काढते. सामना आमच्या बाजूच्या मैदानावर होता. आपल्या दोघींच्या मुली एकाच संघात, आणि त्या दिवशी हरल्या. नंतर पुलाच्या अलीकडच्या बसथांब्यावर दुसऱ्या संघाची गोलकीपर भेटली. ती तुझ्या बाहुलीला म्हणाली, "बाबांची गाडी नाही आली का आज? मग गोल कोण करणार?" एवढंच. म्हणजे बाहुली संघात आहे ती बापाच्या गाडीच्या जोरावर. शब्दाने शब्द वाढला, वेण्या हातात आल्या. माझ्या भिंगरीने त्या मुलीच्या कानाखाली वाजवली. हे मी लपवत नाही, कोर्टातही लपवणार नाही. मग मागून कुणीतरी दोन्ही हातांनी त्या गोलकीपरला ढकललं आणि तिचं तोंड थांब्याच्या लोखंडी दांडीवर आपटलं. पुढचे दोन दात मुळासकट पडले.

मागे कोण होतं ते तुला माहीत आहे. मला माहीत आहे. भिंगरीला माहीत आहे.

बाहुली पुलावरून पळत सुटली. भिंगरी तिथेच बसली. कवळ्या करणाऱ्या बाईची मुलगी ती. पडलेला दात दुधात ठेवून वेळेत डॉक्टरकडे नेला तर परत बसतो, हे तिला बाराखडीच्या आधी शिकवलंय मी. तिने मातीतून दोन्ही दात शोधले, रुमाल त्या मुलीच्या तोंडाला लावला आणि समोरच्या दुकानदाराकडे दूध मागत होती, तेवढ्यात पोलिसांची गाडी आली. बाह्या रक्ताने भरलेल्या, मुठीत दुसऱ्या मुलीचे दात. आणखी काय पाहिजे त्यांना?

दात पुरावा म्हणून पिशवीत गेले. दुधात गेले असते तर आज त्या मुलीच्या तोंडात असते.

आणि त्याच वेळी पुलाच्या पलीकडच्या टोकाला तुमच्या पोलिसांनी बाहुलीला थांबवलं. हे मला तुझ्याच तोंडून कळलं. त्या संध्याकाळी तू फोनवर किती सुटलेल्या आवाजात सांगत होतीस, "ताई, आमच्याकडचे साहेब फार चांगले गं. तिला पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं, ह्यांना फोन केला. म्हणाले, मुली आहेत, होतं असं, घरी न्या." तेव्हा तुला भिंगरीचं कळलं नव्हतं. मी सांगितलं, तर तू गप्प झालीस. ती गप्प झालीस ती अजून गप्पच आहेस.

पुलाच्या मधोमध ती हिरवी पाटी आहे ना, आमचा जिल्हा संपला आणि तुमचा सुरू झाला सांगणारी. जी थांबली ती पाटीच्या अलीकडे राहिली. जी पळाली ती पलीकडे पोचली. फरक तेवढाच.

दोन एप्रिलला सुनावणी आहे. बाहुलीला घेऊन ये. तिने खरं सांगावं, इतकंच मागतेय.

ताई


१२ फेब्रुवारी

धाकटे,

मी तुला बोलावलं होतं, तू नवऱ्याला पाठवलंस. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. विम्याची पॉलिसी विकायला आल्यासारखे बसले. आबांनी त्यांना बघताक्षणी तोंडातली कवळी काढून वाटीत ठेवली. आबांचं तसं असतं, कवळी बाहेर म्हणजे सभा तहकूब. तरी हे आपले बोलतच होते.

"ताई, वैयक्तिक घेऊ नका हं," म्हणाले आणि फाइलमधून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. सगळ्या जिल्ह्यांचा नकाशा. काही पांढरे, काही फिकट गुलाबी, आणि आमचा असा लाल, की कुणी पान खाऊन त्यावर थुंकलंय असं वाटावं.

"हा काय रंग आहे?" मी विचारलं.

"मारामारी, हल्ला, जबर दुखापत, अशा गुन्ह्यांत दर हजार मुलांमागे अटक झालेली मुलं. तुमच्याकडे सरासरीच्या सहापट आहेत. मी म्हणत नाही, आकडे म्हणतायत. वातावरणाचा परिणाम असतो हो. भिंगरीचा दोष नाही म्हणत मी. ती इथे वाढली."

"आणि तुमचा जिल्हा पांढरा."

"आमच्याकडे असली मुलंच नाहीत."

धाकटे, मला हसू आलं. खरंच आलं. मी म्हटलं, "नाहीत कशी? एक तर तुमच्या घरातच आहे. मोजली नाही एवढंच."

त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग फाइल मिटून कामाचं बोलले. वकील ते देणार, चांगला, मोठा. अट एकच, बाहुलीचं नाव कुठे येता कामा नये. तिला पुढच्या वर्षी बाहेरगावच्या कॉलेजात घालायचंय, तिथे चारित्र्याचा दाखला लागतो.

"भिंगरीला नाही लागणार दाखला?"

"तिचं आता जे व्हायचं ते झालंय ना, ताई. एकीचं झालं म्हणून दोघींचं कशाला?"

हिशेब बरोबर आहे त्यांचा, विम्यातला माणूस. मी चहाचा कप त्यांच्यासमोरून उचलला, अर्धा भरलेला होता, आणि म्हटलं, "पूल उतरलात की डावीकडे वळा. पांढरा जिल्हा लागेल."

ते गेल्यावर आबांनी कवळी परत घातली आणि म्हणाले, "चोर सोडून संन्याशाला फाशी ऐकलं होतं. चोराचा बाप संन्याशाला वकील देतो हे पहिल्यांदा बघतोय."

दोघी त्यांच्याच नाती. नावंही त्यांनीच ठेवली, एक सतत फिरायची म्हणून भिंगरी आणि एक जिथे ठेवाल तिथे बसायची म्हणून बाहुली.

ताई


२ मार्च

धाकटे,

काल भेटीचा दिवस होता. तू विचारणार नाहीस, मी सांगते.

निरीक्षणगृह म्हणजे जुन्या गोदामासारखी लांबट इमारत. बाहेरून पिवळा रंग, आतून कमरेपर्यंत राखाडी आणि वर पांढरा. भेटायला एक खोली, त्यात एक लांब टेबल, आणि टेबलाखाली आडवी फळी ठोकलेली, कुणी काही पायाने सरकवू नये म्हणून. भिंगरीचे केस कापलेत. उवा होतात म्हणून सगळ्यांचेच कापतात. मला वाटलं होतं मी रडेन. रडले नाही. बाहेर येऊन बसथांब्यावर रडले, पण तो माझा प्रश्न.

मी तिला म्हटलं, "नाव सांगून टाक. मावशीचा विचार करू नकोस, माझा कर."

ती म्हणाली, "आई, बाहुली इथे राहू शकणार नाही. ती बाथरूमची कडीसुद्धा लावत नाही, माहितीय ना तुला? ती वेडी होईल इथे."

"आणि तू?"

"मी राहतेय ना."

मग टेबलावर नखाने रेघ ओढत म्हणाली, "पण ती एकदा तरी येईल असं वाटलं होतं. नाव मी सांगणार नाही. तिने सांगावं." आणि पुढे म्हणाली, "फोन तरी."

तिच्या खोलीत आठजणी आहेत. एकीने खरंच चाकू चालवला होता, सावत्र बापावर. एकीने रागाने शिक्षिकेच्या हाताला चावा घेतला. एकीने बसवर दगड मारला, काच फुटली, कुणाला लागलं नाही. आणि भिंगरी. सगळ्या एकाच रकान्यात. तुझ्या नवऱ्याच्या नकाशात चाकू आणि चावा यांचा रंग एकच असतो.

परत येताना पोलीस ठाण्यात गेले. तिची बॅग अजून तिथेच होती. ज्या हवालदाराने तिला पकडलं तो ओळखीचा निघाला, त्याच्या आईची कवळी मीच केली होती. मिश्या पांढऱ्या झाल्यात, नजर वर उचलत नव्हता. म्हणाला, "बाई, पूर्वी अशा पोरी आल्या की मी बाकावर बसवायचो, आईबापांना बोलवायचो, सगळ्यांना एकदम झापायचो आणि सोडून द्यायचो. आता नवे साहेब आलेत. फळ्यावर आकडा लिहितात दर आठवड्याला. आकडा चढला की शाबासकी. सोडलं तर मलाच झापतात."

"आणि पुलापलीकडे?"

"पलीकडचे साहेब निवृत्तीला आलेत. त्यांना फळा कोरा हवाय. तिकडे पोराने पोराचं डोकं फोडलं तरी 'पाय घसरून पडला' लिहितात."

मला वाटलं होतं, एका बाजूला वाईट माणसं आहेत आणि दुसऱ्या बाजूला चांगली. तसं असतं तर बरं झालं असतं. एका साहेबाला आकडा मोठा हवा आणि दुसऱ्याला शून्य. मुलींचं कुणालाच पडलेलं नाही.

एक महिना उरलाय. तू ये. तुझ्या नवऱ्याला न सांगता ये. लग्नाआधी सिनेमाला जाताना तू आबांना कसं सांगायचीस ते मला आठवतं. ते कौशल्य कुठे गेलं?

ताई


१९ मार्च

धाकटे,

आज जे झालं ते मला कुणाला तरी सांगायलाच हवं. आबांना सांगितलं, पण त्यांना ऐकू कमी येतं आणि मला ते ओरडून सांगता येण्यासारखं नाही.

आमच्या दाताच्या कारखान्यात (मालक 'लॅब' म्हणतात, पण प्लास्टरची धूळ उडते तो कारखानाच) सकाळी कामं वाटली जातात. ठसे येतात, सोबत डॉक्टरची चिठ्ठी. माझ्यापुढे एक ठसा आला. वरचा जबडा, लहान, पुढचे दोन दात नाहीत. बाकीचे दात कोवळे, कडा अजून झिजलेल्या नाहीत. चिठ्ठीवर वय होतं सोळा.

मी मालकांकडे गेले आणि म्हटलं, "हे दुसऱ्या कुणाला द्या."

"का?"

मी का ते सांगितलं. मालक तसे कोरडे. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "पुढच्या दातांचं काम तुझ्याइतकं साफ इथे कुणाचं नाही. त्या पोरीला साफ दात मिळू नयेत असं वाटत असेल तर देतो दुसऱ्याला."

मग मी केलं. मेणात दात लावले, काढले, पुन्हा लावले. आणि दुपारी ती स्वतः आली, आईबरोबर. रंग जुळवायला डॉक्टरांनी पाठवलं होतं. आई बस चालवते; गणवेशातच होती. तिने मला ओळखलं. महिन्यापूर्वी मी माफी मागायला तिच्या दारात गेले होते, तेव्हा तिने दार लावून घेतलं होतं. आज ती दरवाज्यातच थांबली आणि मुलीला म्हणाली, "हिच्या हातून नको. चल."

मुलगी खुर्चीत बसलीच. ओठ मिटून बसली होती. पुढचे दात गेले की सगळ्याजणी अशाच बसतात माझ्यासमोर. मी रंगांची पट्टी तिच्या दाताशी धरली, खिडकीच्या उजेडात.

ती म्हणाली, "काकू, मला ढकललं ती तुमची भिंगरी नव्हती. ती माझ्यासमोर होती. मला मारलं तिने, पण ढकललं मागून. मी पोलिसांना सांगितलं, त्यांनी 'टोळीने हल्ला' असं लिहिलं." दोन दात नसल्यामुळे तिचे शब्द मधूनच निसटत होते. "आणि ती मला म्हणत होती, थुंकू नकोस, दात सापडेपर्यंत थुंकू नकोस. मला इतका राग आला होता तिचा, आणि तरी मी थुंकले नाही."

तिची आई दारातूनच म्हणाली, "हे कोर्टात सांगशील?"

"सांगेन की."

त्या बाईने माझ्याकडे बघितलं. माफ केलं असं नाही. पण आत येऊन बाकावर बसली आणि रंग जुळेपर्यंत थांबली. मुलीने थोडा पिवळसर रंग घेतला, म्हणाली, "माझे एवढे पांढरे नव्हते कधी."

धाकटे, जिचे दात गेले ती खरं बोलायला तयार आहे. जिच्या मुलीने पाडले ती माझा फोन उचलत नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात, पण आपलेच दात आपल्याच घशात घालणारी बहीण सगळ्यांनाच मिळत नाही.

ताई


३ एप्रिल

तू आली नाहीस.

गोलकीपर आली, आईबरोबर. नवे दात बसवून आली होती आणि स्पष्ट बोलली. न्यायाधीश बाई वयस्कर, थकलेल्या, आवाज मऊ. त्यांनी भिंगरीला विचारलं, "मागून कोण होतं, बाळ?" भिंगरीने मान खाली घातली. पुन्हा विचारलं. पुन्हा नाही.

मग मी उठले आणि बाहुलीचं नाव घेतलं. भर कोर्टात, पूर्ण नाव, तुझ्या नवऱ्याच्या आडनावासकट. भिंगरी माझ्याकडे अशी बघत होती, जणू मीच कुणाला तरी ढकललं.

सरकारी वकिलाने एक कागद वाचून दाखवला. पळालेल्या मुलीबद्दल कोर्टाने आधीच तुमच्या ठाण्याला विचारणा केली होती, त्याचं उत्तर: त्या दिवशी आमच्या हद्दीत अशी कोणतीही मुलगी आढळली नाही, कोणतीही घटना नोंदवलेली नाही. खाली सही, शिक्का. बाहुलीला पंख्याखाली बसवून पाणी पाजणाऱ्या साहेबांची सही. म्हणजे ती तिथे नव्हतीच. पाणी कुणी प्यायलं कोण जाणे.

मी म्हटलं, "माझ्या बहिणीने मला स्वतः फोनवर सांगितलंय."

न्यायाधीश बाई म्हणाल्या, "त्या हजर आहेत का?"

तुला विचारते, काय सांगायला हवं होतं मी? ती झोपलीय?

इथल्या पोलिसांना पुलापलीकडे जाऊन आणखी एक मुलगी शोधण्यात रस नव्हता. त्यांची एक सापडली होती. न्यायाधीश बाईंनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या की कानाखाली मारल्याचं मुलीने मान्य केलंय, दुखापत गंभीर आहे, मागे दुसरी कोण होती याला कागदावर आधार नाही, आणि टोळीतली म्हणून दुखापत हिच्याही नावावर येते. जुलैअखेरपर्यंत सुधारगृह. त्यानंतर वर्षभर अटींवर घरी. त्यांना वाईट वाटलं असावं. मला त्याचा उपयोग नाही.

यापुढे मी तुला लिहिणार नाही.


१८ ऑगस्ट

लिहिणार नाही म्हणाले होते, पण आबांनी सांगितलं, कळव. म्हणून कळवते. भिंगरी घरी आली. घर आता ते नाही; घरमालकाला खोली "मुलासाठी" हवी झाली. त्यांना मूलबाळ नाही. आता आम्ही छापखान्याच्या वर राहतो, दिवसभर जमीन थरथरते. आबा म्हणतात, बरं आहे, अंग चोळून मिळतं.

शाळेने जागा भरल्याचं सांगितलं. दुसऱ्या शाळेनेही. तिसऱ्या शाळेत मुख्याध्यापकांनी खरं सांगितलं, त्यांचे मी आभार मानले. म्हणाले, "आमच्या जिल्ह्याचं आधीच नाव खराब आहे, पालक विचारतात." म्हणजे आधी आकड्यासाठी पकडायची आणि मग आकडा मोठा म्हणून शाळेत घ्यायची नाही. भिंगरी घरी बसून बाहेरून द्यायच्या परीक्षेचा अभ्यास करते. बोलते थोडं. जेवताना ताटाभोवती हात घालून बसते. तिथे दुसऱ्या मुली ताटातलं उचलून न्यायच्या.

नवा नकाशा छापून आला परवा. आमचा जिल्हा आणखी गडद. मी त्यात भिंगरीला शोधत होते. लाल रंगात एक थेंब तिचा असणारच. तुमचा पांढराच आहे. अभिनंदन.

ताई


१९ ऑक्टोबर

धाकटे,

हे पत्र तुला पोस्टमन देणार नाही. तुझी मुलगी देईल.

आज रविवार. सकाळी मी आबांची नखं कापत होते, तर दारात बाहुली. उंच झालीय. मला "मावशी" म्हणाली. मी आत ये म्हटलं नाही. खोटं कशाला लिहू? मी दार धरून उभी राहिले.

मग तिने सांगितलं ते तुला सांगते, कारण तुला ते तिच्याकडून ऐकायची हिंमत होईल असं वाटत नाही.

काल तुमच्या बाजूला सामना होता. तिथे तिला ती गोलकीपर भेटली. बाहुली तिची माफी मागायला गेली. इतके महिने मनात होतं म्हणे. आणि ती मुलगी म्हणाली, "माझी कसली मागतेस? भिंगरी तुझ्यापायी आत जाऊन आली, तिची माग." बाहुलीला माहीतच नव्हतं. तुम्ही तिला सांगितलं होतं की सगळं मिटलं, भिंगरीला दम देऊन सोडलं, मावशी उगाच रागावलीय, आबा भेटायला नको म्हणतात. भिंगरी परगावी शाळेत गेली असंही सांगितलंत. कोणत्या गावाला गं? नाव तरी ठरवलं होतंत का?

बाबांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "तुझ्या भल्यासाठी." तुला विचारलं तेव्हा तू स्वयंपाकघरात निघून गेलीस.

म्हणून आज सकाळी ती एकटी निघाली. आधी तुमच्या ठाण्यावर. म्हणाली, मी एका मुलीला ढकललं, तिचे दात पडले, मला पकडा. तिथल्या साहेबांनी तिला ओळखलं, खुर्ची दिली, बिस्किटं पुढे केली आणि म्हणाले, "अभ्यासाचा ताण आलाय का बाळ? बाबांना फोन करू?" ती तिथून उठून पूल ओलांडून आमच्या ठाण्यावर आली. तिथे तो मिशीवाला हवालदार होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पोरी, ते प्रकरण बंद झालं. त्या प्रकरणातली मुलगी पकडून, शिक्षा होऊन सुटली. आणि तुझा पत्ता पलीकडचा. तुला मी कुठे लिहू?"

"मग मी काय करू?" तिने विचारलं.

"मला ठाऊक असतं तर मी हवालदार राहिलो असतो का?" म्हणाला, आणि त्यानेच तिला आमचा नवा पत्ता दिला.

हे सगळं सांगताना ती रडत होती. माझ्या मनात दया आली नाही, हेही लिहून ठेवते. माझ्या मनात आलं, रड. माझी रडली तेव्हा बघायला कुणी नव्हतं.

आतून भिंगरी आली. हातात पुस्तक, बोट पानात घातलेलं. खाली छापखाना बंद होता, रविवार ना, त्यामुळे फारच शांत वाटत होतं.

"तुला घेतलं नाही ना त्यांनी?" भिंगरीने विचारलं.

बाहुलीने मान हलवली.

"दोन्हीकडे?"

"दोन्हीकडे."

भिंगरी हसली. घरी आल्यापासून पहिल्यांदा हसली, पण ते हसू तुला आवडलं नसतं. म्हणाली, "मला तर विचारलंसुद्धा नव्हतं, येतेस का म्हणून."

बाहुली म्हणाली, "मी इथेच राहते. मला घरी जायचं नाही."

मी काही बोलायच्या आत भिंगरीच म्हणाली, "नाही. इथे राहून काय करशील? माझी शिक्षा वाटून घेशील? ती संपली. जे मला सांगितलंस ते तुझ्या घरी सांग. जेवणाच्या टेबलावर, बाबा समोर असताना. मग ये." आणि थांबून म्हणाली, "मग यायचं असेल तर."

आबांनी सगळ्यात आधी काय केलं सांगू? बाहुलीला जवळ बोलावलं आणि विचारलं, "जेवलीस का?" मी दोघींना वाढलं. एकाच ताटात नाही, पण वाढलं. बाहुलीने भिंगरीचा हात ताटाभोवती पाहिला आणि आपलं ताट हळूच लांब सरकवलं, तिला जागा व्हावी म्हणून. तेवढं मी पाहिलं. त्यावरून काही समजू नकोस. मी अजून काहीही माफ केलेलं नाही, तुला तर नाहीच.

मी हे लिहितेय आणि दोघी दारात चपला घालून उभ्या आहेत. पाकीट चिकटवत नाही. वाटेत तिने वाचलं तर वाचू दे, तुझ्या नवऱ्याने वाचलं तर फारच उत्तम.

भिंगरी तिला सोडायला येतेय, पण पुलाच्या मध्यापर्यंतच. कोर्टाची अट आहे, वर्षभर जिल्ह्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. हिरव्या पाटीपाशी ती थांबेल आणि तिथून तुझी मुलगी एकटी चालत येईल. ती पोचेल तेव्हा झोपलेली असू नकोस.

ताई